फ्लश लागायच्या आधी

पोकरच्या लहान टेबलावर पैसा सगळ्यात जास्त कोणत्या पानांत जातो, असं कुणी विचारलं तर मी वाईट पानांचं नाव घेणार नाही. वाईट पानं माणूस मुकाट्याने फेकून देतो. पैसा जातो तो चांगल्या ड्रॉमध्ये. हातात एक्क्यासकट दोन बदाम, फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर उघडलेल्या पहिल्या तीन पानांत, आणखी दोन बदाम आणि एकाच रंगाच्या पाच पानांच्या फ्लशला एकच पान कमी. अशा वेळी भलेभले हिशेब विसरतात.

मी नागपूरचा. आपल्याकडे कॅसिनो नाहीत. १९७६ चा महाराष्ट्राचा कॅसिनो कायदा कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये तो रद्दही झाला. १८८७ चा जुगारबंदीचा कायदा मात्र आजही लागू आहे. पोळ्याच्या दिवसांत विदर्भात जुगाराच्या फडांवर धाडी पडतात त्या त्याच्याच आधाराने. त्यामुळे आमच्यासारख्यांचं पोकर झालं ते पणजीला मांडवीतल्या बोटींवर आणि मोबाइलवर. मी दोन्हीकडे खेळलो, कायम सगळ्यात लहान टेबलावर. तिथे जे पाहिलं ते नव्याने बसणाऱ्या पोरांना सांगावंसं वाटतं, कारण त्यांतले बहुतेक तीन पत्ती खेळून आलेले असतात आणि तीच सवय त्यांना नडते.

तीन पत्तीत पानं एकदा वाटली की संपलं. पुढे उरते ती चाल आणि छाती. होल्डेम या पोकरच्या प्रकारात फ्लॉपनंतरही टर्न आणि रिव्हर अशी दोन पानं यायची असतात, आणि ती यायची शक्यता मोजता येते. त्यासाठी रमीची सवय जास्त उपयोगी. कोणती पानं गेली, कोणती उरली, हे रमीवाला न सांगता मोजत असतो. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमीला कौशल्याचा खेळ ठरवलं, त्याच्या कारणांत पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात हेही होतं. आणि तीन पानांच्या खेळाला त्याच निकालात निव्वळ नशिबाच्या रांगेत बसवलं.

तर मोजू या. एकूण बदाम तेरा. दोन तुमच्या हातात, दोन फ्लॉपवर, उरले नऊ. न दिसलेली पानं ४७. म्हणजे पुढच्या पानावर फ्लश लागायची शक्यता साधारण १९ टक्के, आणि दोन्ही पानं पाहायला मिळाली तर ३५ टक्के. दोन्ही टोकांना उघड्या सिक्वेन्सला आठ पानं: १७ टक्के आणि साडेएकतीस टक्के. मधलंच एक पान हवं असेल तर चारच पानं, पुढच्या पानाला जेमतेम साडेआठ टक्के. टेबलावर बसून एवढं आठवत नसेल तर कामाची पानं मोजा. एक पान यायचं असेल तर दुप्पट करा, दोन यायची असतील तर चौपट. टक्केवारी जवळपास बरोबर निघते.

लोक फसतात ते त्या ३५ वर. हा आकडा मनात धरून फ्लॉपवर पैसे भरतात, आणि टर्नवर समोरचा पुन्हा पैसे मागणार आहे हे विसरतात. दोन पानांची शक्यता धरायची तर दोन्ही पानांची किंमतही धरावी लागते.

एक डाव नीट पाहा, कारण असाच डाव मी कितीतरी वेळा पाहिला आहे. ब्लाइंड, म्हणजे पानं वाटण्याआधीची सक्तीची रक्कम, ५०-१००. चौघांनी तीनशे-तीनशे भरले, पॉट १,२००. माझ्याकडे बदाम एक्का आणि बदाम सत्ती. फ्लॉप आला बदाम राजा, किलवर नव्वी, बदाम चौकी. पहिल्याने ६०० लावले, दुसऱ्याने भरले, तिसऱ्याने पानं टाकली. आता मला ६०० देऊन २,४०० मिळवायचे आहेत, म्हणजे किमान २० टक्के शक्यता हवी. माझी १९. शिवाय बदाम आलाच तर पुढेही काही मिळेल. भरायला हरकत नाही.

टर्नला चौकट तिर्री. पॉट ३,०००. पहिला आता २,००० लावतो, दुसरा पानं टाकतो. २,००० देऊन ५,००० मिळवायचे, म्हणजे शक्यता साडेअठ्ठावीस टक्के हवी; माझी साडेएकोणीस. हा कॉल बरोबरीत यायचा असेल तर रिव्हरला बदाम आल्यावर समोरच्याकडून सरासरी आणखी ३,२०० रुपये तरी निघाले पाहिजेत. मग त्याच्या चिप्सकडे बघा. त्याच्यासमोर १,५०० उरले असतील तर एक्क्याचा ड्रॉ असूनही पानं टाकायची. आठ-दहा हजार असतील आणि माणूस एका जोडीवरही भरणारा असेल, तर भरायचं. पानं तीच, निर्णय समोरच्या ढिगावर आणि समोरच्या माणसावर बदलतो.

याच जागी पुस्तक वाचून आलेला खेळाडू ऑल-इन करतो. डेव्हिड स्क्लान्स्की या अमेरिकन लेखकाने सेमी-ब्लफची कल्पना नीट मांडली: ड्रॉ असताना जोरात लावा, म्हणजे जिंकायच्या दोन वाटा मिळतात. समोरचा पळतो, किंवा तुमचं पान लागतं. कल्पना शंभर टक्के खरी आहे. पण लहान टेबलावर समोरचा पळत नाही. तो सुट्टीवर आलेला असतो, हजार-दोन हजारांनी त्याचं काही बिघडत नाही, आणि पानं पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. माझ्या शेजारी बसलेले एक गृहस्थ राजाच्या जोडीवर सगळे पैसे सरकवताना म्हणाले होते, ‘पाहूनच घेऊ ना भाऊ, तिकीट काढून आलोय.’ समोरच्या तरुणाने दोनच बदामांच्या जोरावर ढीग लावला होता. त्याचा हिशेब निम्मा या गृहस्थांच्या पळण्यावर होता, आणि ते पळणारे नव्हतेच. अशा टेबलावर दोन वाटांपैकी एक बंद असते. उरलेल्या एका वाटेचे पैसे दोन वाटांच्या भावाने देऊ नका.

आमच्याकडे काटोल-नरखेडचे व्यापारी संत्र्याचा बहार झाडावर असतानाच सौदा करतात. फळ किती धरलंय, तोडीला किती दिवस आहेत, फळगळ किती होईल, हे बघून भाव बोलतात. तोडलेल्या संत्र्याचा भाव झाडावरच्या संत्र्याला कुणी देत नाही. ड्रॉची किंमत अशीच करायची असते.

मात्र न पळणाऱ्या माणसाचा दुसरा अर्थही लक्षात घ्या. तो ब्लफला पळत नाही, तसाच तुमच्या लागलेल्या फ्लशलाही पळत नाही. म्हणून लहान टेबलावर ड्रॉची खरी कमाई पान लागल्यानंतर असते. आधी स्वस्तात बघा, आणि लागलं की संकोच न करता मोठं लावा. तिसरा बदाम पडल्यावर ‘आता कोण भरणार’ म्हणून चेक करणारे मला आजही दिसतात. लावा, भरतात.

ड्रॉ शेंड्याचा, म्हणजे सगळ्यात मोठ्या पानाचा असावा, हेही त्याच कारणाने. बदाम सत्ती-छक्कीचा फ्लश लागला आणि तिघेजण पैसे घालत राहिले, तर त्यात एखाद्याकडे मोठा बदाम असतोच. ड्रॉ चुकला तर थोडे पैसे जातात. छोटा फ्लश लागून हरलात तर सगळे जातात. टेबलावर जोडी पडली असेल तरीही सावध, कारण तिथे फ्लशला हरवणाऱ्या फुल हाउसची शक्यता उभी राहते.

आणि खरोखर जोर लावायचे डावही असतात. हातात बदाम गुलाम आणि बदाम दश्शी. फ्लॉप बदाम नव्वी, किलवर अठ्ठी, बदाम दुर्री. नऊ बदाम, शिवाय बदामाखेरीज तीन राण्या आणि तीन सत्त्या, एकूण पंधरा पानं. दोन्ही पानं मिळाली तर यातलं एखादं लागायची शक्यता ५४ टक्के. समोर एक्क्यांची जोडी असली तरी इथे तुम्ही मागे नाही. नव्व्यांची तिकडी असली तरी शक्यता चाळीसच्या आसपास राहते. इथे पैसे फ्लॉपवरच घाला. टर्न रिकामा गेला की हीच शक्यता एक तृतीयांशाच्याही खाली येते.

हे सगळं गणित ४७ पानांवर उभं आहे, आणि ती ४७ पानं खरी असली पाहिजेत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैशाचे खेळ ऑनलाइन चालवण्यावर बंदी आली. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. आता मोबाइलवर कुणी लिंक पाठवून पैशाचं पोकर खेळवत असेल, तर त्याची गड्डी कोण पिसतो हे तुम्हाला कधीच कळणार नाही. याच शहरातल्या एका व्यापाऱ्याने ऑनलाइन जुगारात सुमारे ५८ कोटी रुपये गमावल्याची तक्रार २०२३ मध्ये नागपूर पोलिसांकडे झाली होती. खेळच बनावट असल्याचा त्यात आरोप होता. तिथे नऊ बदाम मोजण्याला काही अर्थ नाही. पैसे अडकले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, आणि गेलेले पैसे काढायला आणखी भरू नका.

गोव्याला जाणार असाल तर परतीचं तिकीट आधी काढा, आणि गेले तरी घरखर्चाला धक्का लागणार नाही एवढीच रक्कम न्या. कर्जाचे, फीचे, दुकानाच्या मालाचे पैसे टेबलावर आणू नका. दुसऱ्याच्या पैशाने बसलेला माणूस टर्नला पानं टाकू शकत नाही, हे मी पाहिलं आहे. आणि जायच्या आधी घरी पत्त्यांची गड्डी आणि मूठभर चिंचोके घेऊन बसा. बदाम एक्का-सत्ती हातात धरा, वरचाच फ्लॉप मांडा, आणि पुढची दोन पानं पुन्हा पुन्हा पिसून वाटा. फ्लश तीनांत एकदा लागतो आणि दोनदा लागत नाही, हे डोळ्यांनी पाहा, आणि मगच चिंचोक्यांच्या जागी रुपये ठेवायचे की नाही ते ठरवा.