रिपोर्टातला ‘हिमो’ आणि ‘एमिया’ ओळखा



मराठीत ‘रक्त’ हा एक शब्द कळला की रक्तदाब, रक्तगट, रक्तदान, रक्तस्राव हे शब्द वेगळे शिकवावे लागत नाहीत. दवाखान्यातल्या इंग्रजी शब्दांतही असाच एक ‘रक्त’ लपलेला आहे. जुन्या ग्रीक भाषेत रक्ताला ‘हायमा’ म्हणत. तो इंग्रजीत आला तेव्हा शब्दाच्या सुरुवातीला ‘हिमो’ झाला आणि शेवटी ‘एमिया’ झाला. हिमालयातल्या बर्फाशी या ‘हिमो’चा काही संबंध नाही.

आधी ‘हिमो’ची भावंडे पाहू.

हिमोग्लोबिन : रक्ताच्या तांबड्या पेशींतला लोहयुक्त पदार्थ. तो अंगभर प्राणवायू पोचवतो. रिपोर्टात याला ‘एचबी’ लिहितात.
हिमोडायलिसिस : मूत्रपिंड निकामी झाल्यावर यंत्रातून रक्त शुद्ध करणे.
हिमोफिलिया : रक्त नीट न गोठण्याचा जन्मजात आजार. बहुतेक वेळा मुलग्यांना होतो.
हॅमरेज : रक्तस्राव. बाळंतपणानंतर अर्धा लिटर किंवा जास्त रक्त गेले तर जिवाला धोका असतो, थांबून वाट पाहू नका.

आता शेवटी ‘एमिया’ असलेले शब्द.

अ‍ॅनिमिया : ‘अ‍ॅन’ म्हणजे नाही. शब्दाचा अर्थ ‘रक्त नाही’, प्रत्यक्षात एचबी कमी.
ल्युकेमिया : ‘ल्युको’ म्हणजे पांढरा. रक्ताचा कर्करोग, ज्यात बहुधा पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात.
हायपोग्लायसेमिया : ‘हायपो’ म्हणजे खाली, ‘ग्लाय’ म्हणजे गोड. रक्तातली साखर उतरणे. ‘हायपर’ लावले की साखर चढणे.
थॅलेसेमिया : ‘थॅलसा’ म्हणजे समुद्र. भूमध्य समुद्राकाठच्या घराण्यांतील मुलांत हा आजार प्रथम ओळखला गेला, म्हणून हे नाव.

शब्द फोडता आला की पुढचा प्रश्न विचारता येतो. ‘अ‍ॅनिमिया’ एवढे लिहिले म्हणजे एचबी कमी आहे इतकेच कळते, का कमी आहे ते कळत नाही. गरोदर नसलेल्या बाईचा एचबी १२ च्या खाली, गरोदर बाईचा ११ च्या खाली आणि पुरुषाचा १३ च्या खाली असेल तर अ‍ॅनिमिया धरतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांना अ‍ॅनिमिया आढळला. अनेकींना लोह कमी पडलेले असते. अपुरे जेवण, पाळीत जास्त रक्त जाणे, लागोपाठ बाळंतपणे, पोटातले जंत ही त्याची नेहमीची कारणे. अशा वेळी सरकारी केंद्रातली लोहाची लाल गोळी उपयोगी पडते. ती चहाबरोबर घेऊ नका, चहा लोह अंगी लागू देत नाही. लिंबूपाणी चालेल. गोळीने शौच काळी होते, त्याला घाबरून गोळी सोडू नका.

पण काही महिने नेमाने गोळ्या घेऊनही एचबी वाढत नसेल, तर डॉक्टरांना सरळ विचारा, ‘हा अ‍ॅनिमिया कोणता?’ तो थॅलेसेमिया किंवा सिकल सेल असू शकतो. सिकल सेलमध्ये तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि हातापायांत असह्य कळा येतात. आपल्या पालघर जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यांत हा आजार आहे. विदर्भात तो आदिवासींबरोबर आपल्या समाजातही आढळतो, आणि वसई, नालासोपारा, विरारच्या वस्त्यांत विदर्भातून आलेली घरे आहेत. हे दोन्ही आजार आईबापांकडून येतात. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ आजारी होण्याची शक्यता चारात एक असते. वाहक माणूस बहुधा धडधाकट दिसतो, म्हणून तपासणीशिवाय कळत नाही. ‘एचबी इलेक्ट्रोफोरेसिस’ किंवा ‘एचपीएलसी’ या रक्ततपासणीने ते कळते. लग्न ठरवताना पत्रिकेपेक्षा हा कागद पाहा. आणि ज्या मुलाला वारंवार रक्त चढवावे लागते, त्याच्या अंगात लोह साचते. त्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोहाची गोळी देऊ नका.

घरातले जुने रिपोर्ट काढा. ‘हिमो’ आणि ‘एमिया’ कुठे आहेत त्यावर मुलांना पेन्सिलीने खुणा करायला सांगा. पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना तेच कागद बरोबर न्या.