लिव्हर सिरॉसिस आणि रोजची ॲसिडिटीची गोळी

प्रश्न : माझ्या वडिलांना लिव्हर सिरॉसिस आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांना रक्ताची उलटी झाली, तेव्हा दुर्बिणीतून शिरांना रबर बँड लावले होते. तेव्हापासून ते रोज सकाळी उपाशीपोटी पँटोप्राझोल घेतात. परवा नव्या डॉक्टरांनी विचारलं, ‘ही गोळी कशासाठी चालू आहे?’ आम्हाला सांगता येईना. सिरॉसिसमध्ये या गोळीने आतड्यांचं बिघडू शकतं, असं ते म्हणाले. पोटातलं ॲसिड कमी झालं तर आतड्यांचं काय बिघडणार? आणि गोळी बंद केली तर पुन्हा रक्तस्राव होईल का?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : आधी रक्तस्रावाचं बोलू, कारण घरच्यांची खरी भीती तीच असते. सिरॉसिसमध्ये यकृत कडक आणि गाठीगाठीचं होतं. आतड्यांकडून तिकडे येणाऱ्या रक्ताची वाट अडते, दाब वाढतो आणि ते रक्त अन्ननलिकेच्या शिरांमधून मार्ग काढतं. त्या शिरा फुगतात आणि कधी फुटतात. म्हणजे हा रक्तस्राव दाबाचा आहे, ॲसिडचा नाही. तो टाळण्यासाठी बँडिंग असतं आणि प्रोप्रॅनोलोल किंवा कार्व्हेडिलोलसारख्या गोळ्या असतात. वडिलांना यातली एखादी चालू असेल, तर ती मात्र स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नका.

मग पँटोप्राझोल दिली कशाला? बँड गळून पडतो तिथे छोटा व्रण होतो. तो लहान राहावा म्हणून ही गोळी साधारण दहा दिवस देतात, आणि त्या काळापुरता तिचा उपयोग आहे. शिरांमधून रक्तस्राव झालेल्या रुग्णांबद्दल बव्हेनो-७ या तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना २०२२ साली प्रसिद्ध झाल्या. दुर्बीण करण्याआधी पँटोप्राझोलसारखी औषधं सुरू केली असतील, तर दुसरं ठोस कारण नसल्यास ती त्यानंतर लगेच थांबवावीत, असं त्यांत स्पष्ट म्हटलं आहे. आपल्याकडे होतं असं की डिस्चार्ज कार्डावर गोळीचं नाव असतं, पण ती कधी थांबवायची हे नसतं. दुकानदार तीच पट्टी देत राहतो आणि वर्षं निघून जातात. तुमच्या डॉक्टरांनी तो प्रश्न विचारला, हे फार चांगलं झालं.

आता आतड्यांकडे येऊ. जठरातलं ॲसिड अन्न पचवायला मदत करतं, तसंच अन्नातून आणि थुंकीतून आलेल्या जिवाणूंना मारतंही. तोंडात स्ट्रेप्टोकॉकस, व्हेलोनेला असे असंख्य जिवाणू राहतात. एरवी त्यांतले बहुतेक जठरातच संपतात. ॲसिड दाबलं की ते जिवंतच खाली उतरतात. हे काही फक्त आजारी माणसांत घडत नाही. २०१६ साली नेदरलँड्समधला एक आणि ब्रिटनमधल्या जुळ्यांचा एक अशा दोन मोठ्या अभ्यासांत या गोळ्या घेणाऱ्या सामान्य लोकांच्या आतड्यांतही तोंडातले जिवाणू वाढलेले दिसले होते.

धडधाकट माणूस हे पचवून नेतो. सिरॉसिसमध्ये मात्र पुढचे अडसरही ढिले झालेले असतात. आतड्यात पित्त कमी येतं, आतड्यांची हालचाल मंदावते, आतड्याचं अस्तर सच्छिद्र होतं आणि निसटून आलेले जंतू गाळणारं यकृतच दुबळं झालेलं असतं. २०१४ साली चीनमधल्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं की सिरॉसिसच्या रुग्णांच्या आतड्यांत वाढलेल्या ज्या जिवाणूंची ओळख पटली, त्यांतले निम्म्याहून अधिक मूळचे तोंडातले होते. ॲसिडची गोळी न घेताही त्यांच्यात हा ओघ असतो. गोळीने तो आणखी वाढतो.

याचे परिणाम दोन ठिकाणी दिसू शकतात. ज्यांच्या पोटात पाणी साठलेलं असतं त्यांच्या त्या पाण्यात जंतुसंसर्ग होतो. हा जिवावर बेतणारा प्रकार आहे. दुसरा परिणाम मेंदूवर. आतड्यातले जिवाणू अमोनियासारखे पदार्थ तयार करतात, यकृत ते निकामी करू शकत नाही, आणि माणूस गोंधळतो, बरळतो, झोपाळतो. या गोळ्या घेणाऱ्यांत हे दोन्ही जास्त आढळल्याचे अनेक अभ्यास आहेत. सगळे मात्र एकमताचे नाहीत. अर्जेंटिनात अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत या गोळ्यांचा आणि पाण्यातल्या संसर्गाचा संबंध दिसला नाही. मुळात जास्त आजारी माणसालाच जास्त गोळ्या मिळतात, त्यामुळे दोष गोळीचा किती आणि आजाराचा किती, हे वेगळं काढणं अवघड जातं. तरीही माझं मत ठाम आहे : ज्या गोळीचं कारणच सांगता येत नाही, तिच्यासाठी एवढासा धोकाही पत्करू नये.

कारण असेल तर गोष्ट निराळी. जठरात किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला व्रण असेल, अन्ननलिका ॲसिडने सोलवटली असेल, हृदयात स्टेंट टाकल्याने ॲस्पिरिन चालू असेल, तर गोळी लागतेच. तेव्हाही कोणती आणि किती, हे यकृताच्या अवस्थेवर ठरतं, कारण ही औषधं यकृतातच मोडली जातात. यकृत फार बिघडलं असेल तर एसोमेप्राझोल दिवसाला २० मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत.

आणि ‘गॅस’साठी ही गोळी मुळीच नाही. वडील लॅक्टुलोज हे पोट साफ ठेवणारं औषध घेत असतील तर पोट गुडगुडणं, वारा सरणं हे त्या औषधाचंच लक्षण असतं. पँटोप्राझोलने ते थांबणार नाही. लॅक्टुलोज मात्र चालू राहिलं पाहिजे.

गोळी थांबवायचं ठरलं तर डॉक्टर ती हळूहळू कमी करतील. दाबून ठेवलेलं ॲसिड गोळी बंद केल्यावर काही दिवस उसळतं. डेन्मार्कमध्ये ॲसिडिटीचा कसलाच त्रास नसलेल्या लोकांना आठ आठवडे अशी गोळी देऊन थांबवली, तेव्हा त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना चक्क जळजळ सुरू झाली होती. म्हणून पहिल्या पंधरवड्यातली जळजळ पाहून ‘बघा, गोळी लागतेच’ असं ठरवू नका. त्या दिवसांत खायचा सोडा किंवा फ्रूट सॉल्टची पुडीही नको. त्यांत भरपूर सोडियम असतं आणि पोटातलं पाणी त्याने वाढतं. दुसरं काय घ्यायचं ते डॉक्टरांनाच विचारा.

एका बाबतीत घरोघरी गोंधळ होतो. ॲसिडिटी असलेल्याने रात्री उशिरा खाऊ नये, असं सांगतात. सिरॉसिसच्या रुग्णाने मात्र रात्रभर उपाशी राहायचं नसतं, नाहीतर शरीर स्नायूच जाळायला लागतं. तेव्हा झोपण्यापूर्वीचं थोडं खाणं चुकवू नका. खाल्ल्यावर त्यांना थोडा वेळ बसू द्या, पलंगाची डोक्याकडची बाजू विटा लावून उचला आणि डाव्या कुशीवर झोपायला सांगा.

गोळी चालू असो वा बंद, ताप आला, पोट दुखू लागलं, काळी शौच झाली, किंवा ते दिवसा झोपून रात्री जागे राहू लागले, बोलण्यात विसंगती आली, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी रुग्णालयात न्या आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या सोबत घेऊन जा.