फी माफ झाली, मग कर्ज कशाचे?



बारावीचा आणि सीईटीचा निकाल लागला की बारामती-इंदापूर भागातल्या आम्हा शिक्षकांकडे पालकांची ये-जा सुरू होते. मागच्या जुलैत इंदापूर तालुक्यातले एक ऊस उत्पादक पालक आले. मुलीला पुण्यात इंजिनिअरिंगला नंबर लागलेला. "सर, पोरींची फी माफ झाली म्हणतात. मग हा एवढा आकडा कशाचा? मी तर पतसंस्थेतून चार लाख उचलायला निघालोय, सातबाऱ्यावर." प्रश्न त्यांचा एकट्याचा नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

थोडे मागे जाऊ. बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ साली निघाले आणि पुढे १९७२ मध्ये विद्या प्रतिष्ठान आले. त्या काळी पदवीचे शिक्षण म्हणजे बहुतेक अनुदानित शिक्षण. प्राध्यापकांचा पगार सरकार देणार, म्हणून शेतकऱ्याच्या मुलाला फी परवडणार. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग आणि मेडिकल कॉलेजांना वाट मोकळी केली. जागा वाढल्या, ग्रामीण मुले इंजिनिअर झाली, हे खरेच. पण पगाराचा, इमारतीचा खर्च फीमध्ये आला, म्हणजे आपल्या खिशावर आला. आज एकाच आवारात बी.ए. अनुदानित असते आणि बीसीए विनाअनुदानित. आपण कॉलेजचे नाव विचारतो. कोर्स अनुदानित आहे का, हे किती जण विचारतात?

आता 'माफ' या शब्दाकडे या. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत मिळाली. कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांपर्यंत हवे आणि प्रवेश केंद्रीय फेरीतून हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेला प्रवेश चालत नाही. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे यात नाहीत. इथेच बरेच पालक फसतात, कारण पुण्यात 'युनिव्हर्सिटी'च्या पाट्या खूप आहेत आणि पाटीवर हे लिहिलेले नसते.

बरे, कॉलेज योजनेत बसले तरी सवलत शिक्षण शुल्काची. वसतिगृह, मेस, लॅपटॉप, पुस्तके, जाणे-येणे हे आपलेच. आम्ही वहीत मांडले तर पुण्यात काटकसरीने राहूनही वर्षाला लाखाच्या घरात आकडा गेला. हीच मुलगी बारामतीच्या कॉलेजात असती, तर एसटीच्या विद्यार्थी पासवर घरून गेली असती. तिला हवी ती शाखा पुण्यात मिळाली, आणि ती तिने सोडू नये असेच माझे मत पडले. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. अर्ज महाडीबीटीवर. त्यांनी तिचे नावही ऐकले नव्हते!

खरी ओढाताण होते ती तारखांची. कॉलेजला पैसे जुलै-ऑगस्टमध्ये हवेत. उसाचे बिल कारखान्याचा हंगाम सुरू झाल्यावर येणार, त्यातूनही सोसायटीचे कर्ज आधी वळते होणार. शिष्यवृत्तीचे पैसे त्यानंतर कधीतरी. या मधल्या चार-सहा महिन्यांसाठी माणूस सोने गहाण ठेवतो नाहीतर खासगी सावकार गाठतो. हे कर्ज कुठल्याच शैक्षणिक कर्जाच्या आकडेवारीत दिसत नाही.

चार लाखांचे गणित आम्ही वर्गातल्या सरळव्याजाच्या धड्यासारखे सोडवले. दर वर्षाच्या सुरुवातीला एक लाख, असे चार वर्षे. दर १० टक्के धरला. शिक्षण संपल्यावर आणखी एक वर्ष हप्ता नाही. पहिल्या लाखावर पाच वर्षांचे व्याज ५० हजार, मग ४०, ३०, २०. एकूण १ लाख ४० हजार. हप्ता सुरू होताना कर्ज ५ लाख ४० हजार. दहा वर्षे फेडायचे तर महिना सुमारे ७,१४० रुपये, एकूण साडेआठ लाखांवर. पालक गप्पच झाले. (हे गणित दहावीच्या वर्गात जरूर घ्या, मुले मन लावून सोडवतात.)

पण तेच चार लाख बँकेच्या शैक्षणिक कर्ज योजनेतून घेतले, तर साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. सातबारा मोकळा राहतो. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि कॉलेजला नॅक किंवा कोर्सला एनबीएचे मानांकन असेल, तर शिक्षणाच्या काळातले आणि पुढच्या एक वर्षाचे व्याज केंद्र सरकार भरते. मग हप्ता ५,२९० च्या आसपास येतो. पतसंस्थेच्या वैयक्तिक कर्जाला यातले काही मिळत नाही.

तरीही माझी एक तक्रार राहतेच. इंग्लंडमध्ये कर्जाचा बोजा आपल्यापेक्षा मोठा आहे, पण तिथे पगार ठराविक मर्यादेच्या वर गेल्यावरच वसुली सुरू होते. आपल्याकडे नोकरी लागो न लागो, सवलतीचे वर्ष संपले की हप्ता सुरू. सहकर्जदार म्हणून बापाची सही असते, म्हणून बँकेचा फोन बापाला येतो. १९६६ मध्ये कोठारी आयोगाने शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च व्हावा असे सांगितले. २०२० च्या धोरणातही तोच आकडा आहे. ५४ वर्षांनी तेच उद्दिष्ट पुन्हा लिहावे लागले.

त्या पालकांनी जमीन गहाण ठेवली नाही. बँकेत तीन फेऱ्या झाल्या, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला दोन, पण कर्ज मिळाले. मुलगी आता दुसऱ्या वर्षाला आहे. धाकटा मुलगा अकरावीत. राजर्षी शाहू शिष्यवृत्तीत बसला तर त्याला सवलत शिक्षण शुल्काच्या निम्मीच. त्याची वही घेऊन ते दिवाळीनंतर येणार आहेत.