आमली ते पणजी : अंतर किती, वेळ किती?

आमलीहून पणजी किती लांब, हा प्रश्न आपल्या मंडळींच्या बैठकीत वारंवार निघतो आणि प्रत्येक जण निराळे उत्तर देतो. गंमत अशी की, बहुतेकांची उत्तरे बरोबर असतात.

प्रथम नकाशा घेऊ. सिल्वासा सुमारे २० अंश १६ कला उत्तर अक्षांशावर व ७३ अंश पूर्व रेखांशावर आहे; पणजी १५ अंश ३० कला आणि ७३ अंश ५० कला. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. त्या हिशेबाने पणजी आपल्या दक्षिणेस ५२९ किलोमीटर येते. रेखांशाचा अंश आपल्या भागात सुमारे १०६ किलोमीटरचा, म्हणून ती पूर्वेस ८८ किलोमीटर सरकलेली आहे. शाळेत शिकलेला काटकोन त्रिकोणाचा सिद्धान्त लावला की कर्ण सुमारे ५३६ किलोमीटर निघतो. मुलांनी हे गणित स्वतः करून पाहावे.

जेट विमानाचा वेग ताशी ८०० किलोमीटर धरला, तर हा प्रवास चाळीस मिनिटांचा! परंतु सिल्वाशात प्रवासी विमानतळ नाही. मुंबईचा विमानतळ दीडशे किलोमीटरहून दूर. तेथे पोहोचण्यास तीन-चार तास, सुटण्यापूर्वीचे दोन तास, आकाशात पाऊण तासाच्या आसपास आणि पुढे दाबोळीहून पणजीपर्यंत सुमारे तीस किलोमीटर रस्ता. आमच्यातील एकाने आत्या अत्यवस्थ असल्याचा निरोप येताच विमानाचा वेळ तेवढा मोजला व दुपारी पोहोचतो असे कळविले. घरची माणसे दारात डोळे लावून बसली. तो पोहोचला तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. आत्या भेटली, पण बोलणे झाले नाही. तेव्हापासून आम्ही निघाल्यापासून पोहोचेपर्यंतचा वेळ सांगतो.

वेळ वाहनावरच अवलंबून असतो असेही नाही. सिल्वाशाहून दमण सरळ रेषेत अवघे चोवीस किलोमीटर. पण मध्ये भारताची भूमी होती. १९५४ च्या जुलैत पोर्तुगीज अधिकाऱ्यांना ती ओलांडण्यास भारताने मनाई केली. २२ जुलैस दादरा आणि २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाद मागितली. १२ एप्रिल १९६० च्या निकालात खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व माल यांच्यापुरता वाटेचा हक्क न्यायालयाने मानला. सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रास्त्रे यांना तो नव्हता, आणि भारताने हक्कभंग केला नाही असेही ठरले.

मधल्या काळात, १९५५ साली, पोर्तुगीजांनी गोव्याहून दमण, दीव व कराचीस जाणारी विमानसेवा सुरू केली. तिच्या लहान ‘हेरॉन’ विमानांचा वेग ताशी सुमारे २९० किलोमीटर. म्हणजे दाबोळीहून दमणचे साडेपाचशेहून अधिक किलोमीटर दोनएक तासांत कापले जात. पुढचे चोवीस मात्र त्यांना कोणत्याही विमानाने कापता आले नाहीत.

२६ जानेवारी २०२० पासून दमण आणि आपण एकाच केंद्रशासित प्रदेशात आहोत. मध्ये गुजरातची भूमी आहेच, पण अडवणारे कोणी नाही. वापीमार्गे तासाभरात दमण गाठता येते. त्यातला बराच वेळ वापीच्या गर्दीत जातो, ते वेगळे.