एकच दाता, मागणारे पुष्कळ

लहान मंडळांमध्ये मदतीसाठी जी चढाओढ चालते, तिचा अभ्यास करावयास आळंदीसारखे दुसरे गाव क्वचितच सापडेल. भजनी मंडळे, दिंड्या, वारकरी विद्यार्थ्यांच्या संस्था, बचत गट, तरुण मंडळे, सर्वांची पावतीपुस्तके त्याच दुकानांत फिरतात, आणि सर्वांची दृष्टी जवळच्या चाकणच्या कारखान्यांकडे लागलेली असते. दुकानदार थोडेथोडे देऊन सर्वांस वाटेस लावतो. काम मात्र कोणाचेच पुरे होत नाही.

विष्णुबुवा जोग यांनी 1917 साली येथे वारकरी शिक्षण संस्था स्थापिली. येथील विद्यार्थी माधुकरी मागून शिकत आले. माधुकरीचा एक गुण ध्यानात घ्यावा. अनेक घरची चतकोर भाकरी झोळीत पडते, म्हणून एका घराने नाही म्हटल्याने कोणी उपाशी निजत नाही. ज्याने सारा भार एकाच दात्यावर टाकिला, त्याचे तसे नाही.

आता कारखान्यांविषयी. कंपनी कायद्याच्या 135 व्या कलमान्वये 2014 सालापासून मोठ्या कंपन्यांस मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या शेकडा दोन इतकी रक्कम समाजकार्यास लावावी लागते, व आसपासच्या भागास अग्रक्रम द्यावयाचा असतो. हे ऐकून पुष्कळांस वाटते की पैसा दाराशी आला! परंतु ज्या बाहेरच्या विश्वस्त संस्थेमार्फत तो खर्च व्हावयाचा, तिला 2021 सालापासून सरकारी नोंदणी, आयकर खात्याची मान्यता आणि तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. मग ज्या भगिनींनी खरोखर काम केले पण वही ठेविली नाही, त्या बाहेरच राहतात. यात सर्व दोष कारखान्याचा, असे आम्हांस वाटत नाही. परक्याने विश्वास ठेवावा तरी कशावर?

याहून वाईट गोष्ट म्हणजे दात्याच्या कानाशी लागणे. "त्यांचा हिशेब एकदा विचारा बरे!" एवढे म्हटले की पुरे, दात्याचा हात दोघांसही आखडतो. पालखीच्या वाटेवर रीत निराळी आहे. रथापुढे व रथामागे दिंड्यांचा क्रम ठरलेला, तरी तंटे होतातच. सायंकाळी तळावर समाज आरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावितो व टाळ थांबतात. ज्या दिंडीस गाऱ्हाणे असेल ती मात्र टाळ वाजवीत राहते, आणि तिचे म्हणणे सर्वांसमक्ष ऐकून निकाल करितात. 2024 साली सरकारने दीड हजार दिंड्यांस प्रत्येकी 20,000 रुपये देण्याचे ठरविले. मदत वाईट नव्हे; पण तिच्या भरवशावर वारकऱ्यांची भिशी बंद करणारी दिंडी पुढे काय करील?

आपल्या मंडळीतही तरुण संघ, भगिनी मंडळ व रविवारची शाळा एकाच सावकाराच्या ओट्यावर पाठोपाठ जातात. त्यापेक्षा तिघांनी आधी एकत्र बसून गरजा व रकमा एका कागदावर मांडाव्या. सभासदांनी स्वतः काय दिले ते प्रथम लिहावे. ज्या संस्थेची नोंदणी आहे तिच्या नावे अर्ज करावा, आणि प्रत्येकाचा हिशेब वेगळ्या रकान्यात ठेवावा. नोंदणी नसता लोकांकडून वर्गणी जमविणाऱ्यांनी 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याचे 41 क हे कलम विसरू नये; गणेशोत्सव मंडळे धर्मादाय आयुक्तांकडे परवानगी मागतात ती त्याच कलमाखाली.

पाठ घेणाऱ्या बंधूंनी वर्गास विचारावे: गेल्या वर्षी आपल्या गावातील किती मंडळे एकाच दारी गेली? कोणास किती मिळाले? त्यांतील कोणती एकत्र जाऊ शकली असती?