पत्ता हवा, पण कोणाला?

एका पाकिटात दुसरे आणि दुसऱ्यात तिसरे पाकीट आहे असे समजा. तीन टपालवाले ती क्रमाने फोडतात. पहिल्याला पाठवणारा ठाऊक, तिसऱ्याला घेणारा. मधल्याला दोघेही नाहीत. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात निघालेल्या या कल्पनेवर २००२ साली ‘टॉर’ हे संगणकांचे जाळे उभे राहिले. त्यातले टपालवाले म्हणजे स्वयंसेवकांचे संगणक, अर्थात ‘रिले’.

आता गंमत पाहा. वापरणारा लपलेला राहतो, पण रिले चालवणाऱ्याने आपला ई-मेल पत्ता जाहीर यादीत द्यावा अशी अपेक्षा असते. ती रास्तच आहे. कोणी आगळीक केली, तर बाहेरच्या जगाला शेवटच्या रिलेचाच क्रमांक दिसतो; तक्रार त्याच्याकडेच जाणार!

मात्र त्याच यादीतून जाहिरातबाजांचे प्रोग्रॅमही पत्ते वेचतात. म्हणून चालक ‘ॲट’चे चिन्ह व टिंब न काढता ते शब्द अक्षरांत लिहितात. माणसाला ते कळते, साधा प्रोग्रॅम फसतो. अर्थात प्रोग्रॅमला ही युक्ती शिकवणे मुळीच अवघड नाही. त्यापेक्षा या कामापुरता वेगळा पत्ता ठेवणे बरे. कचरा वाढला की तो बदलता येतो. पण यादीतही लगेच बदलायला हवा, नाहीतर खरी तक्रार जुन्या पेटीतच पडून राहील.