गाडीचं हँडल, दुपारचं ऊन आणि लेकरांचे हात

मागच्या मे महिन्यात गारखेड्याकडच्या एका लग्नाला गेले होते. वऱ्हाडाची भाड्याची जीप सकाळी अकरापासून मोकळ्या जागेत उन्हात उभी. साडेतीनच्या सुमारास निघायची वेळ झाली, तसं तीन-साडेतीन वर्षांचं एक लेकरू सगळ्यांच्या आधी धावत गेलं आणि दोन्ही हातांनी दाराचं हँडल धरून लोंबकळलं. किंचाळलं, पण हात काही सोडेना. आईनं बोटं उकलून काढली. उजव्या तळहातावर लालभडक पट्टा, आणि पुढच्या पाऊण तासात तिथं पाण्यानं भरलेले फोड. तेवढ्यात कुणीतरी आचाऱ्याकडून हळद आणि तूप मागवलंसुद्धा.

‘गाडीच्या हँडलनं कुठं एवढं भाजतं का?’ असं तिथं दोघा-तिघांनी विचारलं. भाजतं. कसं, ते समजून घेऊ.

बातम्यांत ४१ किंवा ४२ अंश सांगतात, ते सावलीतल्या हवेचं तापमान असतं. उन्हात ठेवलेली वस्तू त्यापेक्षा कितीतरी जास्त तापते. गाडीचा गडद रंगाचा पत्रा, मोटारसायकलची टाकी, घराच्या लोखंडी दाराची कडी ६० ते ७० अंशांपर्यंत सहज जाते. १९४७ साली मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी कातडी किती उष्णतेला किती वेळात भाजते ते मोजलं. ४४ अंशांना सुमारे सहा तास लागतात. ६० अंशांना पाचेक सेकंद. ७० अंशांना एक सेकंद किंवा त्याहूनही कमी. हे आकडे गरम पाण्याचे आणि मोठ्या माणसांचे आहेत. लहान मुलाची कातडी पातळ, त्याला याहून कमी वेळ पुरतो. शिवाय आपण चटका बसताच हात झटकतो, लेकरू घाबरून आणखी घट्ट धरतं.

दारात लोखंडी खुर्ची आणि लाकडी पाट शेजारी ठेवा. तासाभरानं दोन्ही उन्हानं सारखेच तापले असले, तरी लोखंडाचा चटका जास्त बसतो, कारण धातू आपल्यातली उष्णता भराभर हातात सोडतो, लाकूड हळूहळू सोडतं. जुन्या ॲम्बेसेडर, पद्मिनी गाड्यांची हँडलं धातूची होती. आताच्या बऱ्याच गाड्यांची प्लॅस्टिकची असतात, त्यांचा चटका थोडा कमी. पण सीटबेल्टचं बक्कल, जीप-टेम्पोच्या मागच्या फाळक्याची साखळी, रिक्षाचा दांडा, स्कूटीची चावी, हे सगळं अजूनही धातूचंच आहे. चकचकीत आहे म्हणून तापणार नाही, असंही समजू नका. चकचकीत धातू ऊन कमी घेतो, पण एकदा तापला की उष्णता बाहेर टाकायलाही तो कंजूष असतो.

आता थोडं सूर्याकडे पाहू. आपलं शहर साधारण २० अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात भरदुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या माणसाची सावली पायाखाली नाहीशी होते. त्या वेळी आडव्या वस्तू सर्वांत जास्त ऊन खातात: बॉनेट, रेक्झिनची सीट, टाकी, घरावरचे पत्रे. दार मात्र उभं असतं. त्याच्यावर ऊन थेट पडतं ते सूर्य कलल्यावर, म्हणजे दुपारी तीन-चारला, आणि तेही पश्चिमेच्या बाजूला. आपली शाळेची व्हॅन, लग्नाची जीप, जयंतीच्या मिरवणुकीची गाडी नेमकी याच वेळेला निघते. म्हणून पहिली गोष्ट अगदी सोपी आहे. दुपारनंतर गाडीचं दार पूर्वेच्या बाजूनं उघडा, आधी मोठ्यांनी उघडा, आणि मुलांना त्याच बाजूनं आत घ्या.

दुसरी गोष्ट दस्तीची. ओल्या फडक्यानं हँडल पुसायचं आणि कोरड्या दस्तीनं धरायचं. उलटं करू नका, ओल्या कापडातून चटका लवकर पोचतो. तांब्याभर पाणी ओतूनही हँडल गार होतं, पण पुंडलिकनगरात नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते तुम्हाला माहीत आहे. ओलं फडकं पुरतं. गाडी रोज एकाच जागी उभी राहत असेल, तर हँडलवर जुन्या साडीची पट्टी किंवा गोणपाटाचा तुकडा अडकवून ठेवावा. सीटबेल्टची बक्कलं सीटवर उघडी न टाकता कापडाखाली सरकवावीत.

आणि तापलंय का हे तळहातानं तपासू नका. त्या लग्नात मुलाची मावशी हँडलला हात लावून म्हणाली, ‘एवढं काही गरम नाही.’ वीस वर्षं तव्यावर भाकरी उलटणारा हात तो, त्याला काय कळणार! गवंडीकाम करणाऱ्या, वाळूज-चिकलठाण्यात मशीनवर उभं राहणाऱ्या माणसांच्या तळहाताचंही तेच. हाताची मागची बाजू क्षणभर टेकवून पाहा. तिथं सोसत नसेल तर लेकराला लावू देऊ नका.

साखर असलेल्यांची गोष्ट याहून वेगळी आहे. जुन्या मधुमेहात हातापायांच्या नसा बधिर होतात आणि चटका कळतच नाही. आजोबा अनवाणी गच्चीवर वाळवण बघून येतात आणि रात्री मोजा काढताना तळव्याला फोड दिसतो. अशी जखम लवकर भरत नाही. घरात साखरेचं माणूस असेल तर उन्हाळ्यात रोज संध्याकाळी त्याचे तळपाय कुणीतरी डोळ्यांनी पाहावेत.

भाजलंच तर पहिलं औषध पाणी. साधं गार पाणी, वीस मिनिटं, भाजलेल्या भागावर धार. लगेच जमलं नाही तर तीन तासांच्या आत केलं तरी उपयोग होतो. नळ नसेल तर परातीवर हात धरून तांब्यानं स्वच्छ पाणी सोडत राहावं, परातीतलं तेच पाणी गार असेतो पुन्हा वापरलं तरी चालेल. बर्फ नको, त्यानं कातडीला आणखी इजा होते. हळद, तूप, टूथपेस्ट, शाई, काही नको. त्यानं उष्णता आत कोंडते आणि दवाखान्यात ते खरवडून काढताना लेकराला दुसऱ्यांदा सोसावं लागतं. अंगठी, बांगडी, मनगटाचा दोरा सूज यायच्या आधी काढा. फोड फोडू नका. धुतलेलं सुती कापड सैल गुंडाळा, बोटं भाजली असतील तर मध्ये कापडाची घडी ठेवा म्हणजे ती एकमेकांना चिकटणार नाहीत.

तळहात, बोटांचे सांधे किंवा चेहरा भाजला असेल, लहान मूल किंवा साखरेचा रुग्ण असेल, कातडी पांढरी पडून बधिर झाली असेल, तर घरी थांबू नका. जवळचं मनपाचं आरोग्य केंद्र किंवा घाटी गाठा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारून घ्या. तळहाताची जखम आखडून भरली तर मूठ नीट उघडत नाही. ज्याचं पोट हातावर आहे त्याला ते आयुष्यभर नडतं.

हँडलच्या निमित्तानं एक गोष्ट सांगायलाच हवी, आणि ती चटक्याहून फार मोठी आहे. जून २०२३ मध्ये नागपुरात पाचपावली भागात तीन लहान मुलं दुपारी खेळायला बाहेर पडली आणि दिसेनाशी झाली. दुसऱ्या दिवशी ती घराजवळच उभ्या असलेल्या एका बंद गाडीत मृत सापडली. उन्हातल्या बंद गाडीत पहिल्या दहाच मिनिटांत तापमान दहाएक अंशांनी चढतं आणि तासाभरात वीस अंशांहून जास्त. काच दोन बोटं खाली ठेवल्यानं फारसा फरक पडत नाही. मुलाचं अंग मोठ्यांपेक्षा कितीतरी वेगानं तापतं. दार आतून कसं उघडायचं हे त्याला ठाऊक नसतं, आणि ठाऊक असलं तरी थोड्या वेळात त्याच्या हातात जोर राहत नाही.

आपल्या गल्लीतही दुरुस्तीसाठी आणलेल्या, महिनोन्‌महिने न हललेल्या गाड्या उभ्या आहेत. मुलं त्यांत घरघर खेळतात. गाडी कुणाचीही असो, चारही दारं आणि डिकी कुलूपबंद आहे का, हे येता-जाता पाहा आणि मालकाला सांगा. मूल दिसत नसेल तर शेजारच्या घरांच्या आधी उभ्या गाड्या तपासा. आत सापडलं तर काच फोडा, सावलीत आणा, कपडे काढून अंगावर पाणी मारा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी घालू नका.

लग्नातल्या त्या लेकराचा हात दोन आठवड्यांत भरला. पाणी वेळेवर मिळालं. हळद-तुपाची वाटी तशीच राहिली, ती नंतर आचाऱ्यानं परत नेली. जीपच्या चालकानं आता चारही हँडलांना जुन्या लुगड्याच्या पट्ट्या बांधल्या आहेत. दिसायला बऱ्या दिसत नाहीत म्हणून मालक कुरकुरतो, पण मेमध्ये स्वतः दार उघडताना तीच पट्टी धरतो.